तळ्यावरचा पहारा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वधूवर-सूचन, विद्यार्थिसाहाय्य, वसतिगृह या आपल्या नेहमीच्या विषयांत आज मी एक निराळाच विषय घुसडीत आहे. रंकाळ्याच्या पाण्याशी ज्ञातिसंस्थेचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे, आणि तो भूषणावह नाही. पाण्यास कोणी शिवावे व कोणी शिवू नये, याचा पहारा या देशातील ज्ञातींनी शतकानुशतके डोळ्यांत तेल घालून केला. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह प्याले, तेव्हा सनातन्यांनी पुढे त्या तळ्याची पंचगव्याने 'शुद्धी' केली. मनुष्याच्या स्पर्शाने तळे बाटते असे मानणाऱ्या समाजास गटाराच्या पाण्याने तळ्याचे काय होते, हे मात्र दिसले नाही! तो पहारा उठला हे उत्तमच झाले. आता खऱ्या पहाऱ्यास आपण उभे राहावे, अशी माझी सूचना आहे.

रंकाळ्याची कथा कोल्हापूरकरांस मी नव्याने काय सांगावी? ज्या पाण्यात शालिनी पॅलेसचे प्रतिबिंब पाहावयाचे, ते पाणी हिरव्या लेपासारखे झालेले आपण पाहिले आणि काठाने नाक धरून चाललो. सांडपाण्यात व धुण्याच्या चुऱ्यात स्फुरद आणि नत्र असतात. शेतात जे खत, तेच तळ्यात शेवाळाचे अन्न. शेवाळ माजते, मरते, तळाशी कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो व मासे तडफडून वर येतात. केंदाळ ओढून काठावर ढीग घातला म्हणजे तळे स्वच्छ झाले, अशी आपली समजूत. परंतु खत आत येतच राहिले तर केंदाळही पुन्हा येणारच.

पाणी बिघडले आहे असे नुसते म्हणून कचेरीत कोणी ऐकत नाही. किती बिघडले आणि केव्हापासून, हे लिहिलेले हवे. यासाठी एक अगदी स्वस्त साधन आहे. 1865 साली सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता पाहण्यासाठी पांढरी तबकडी पाण्यात सोडून पाहिली. हल्ली तळ्यांसाठी 20 सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत आळीपाळीने काळी-पांढरी रंगविलेली तबकडी वापरतात. खाली वजन बांधावे, दोरीस दर 10 सेंटिमीटरवर खूण करावी. दुपारच्या सुमारास, नावेच्या सावलीच्या बाजूने ती सोडावी. जेथे दिसेनाशी होते तो आकडा, वर ओढताना जेथे पुन्हा दिसते तो आकडा, आणि दोहोंचा मध्य वहीत मांडावा. पावसाळ्यात गाळानेही पाणी गढूळ होते, म्हणून पावसाची नोंद शेजारी हवी. प्राणवायूची तपासणी मात्र प्रयोगशाळेकडून करवावी. स्नानाच्या पाण्यात तो लिटरमागे निदान 5 मिलिग्रॅम असावा, असे केंद्रीय मंडळाचे मान आहे.

अशा आकड्यांचे मोल अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने ओळखले. तेथील वॉशिंग्टन सरोवरात 1955 साली सांडपाण्यावर पोसणारे शेवाळ आढळले. प्राध्यापक एडमंडसन यांनी वर्षानुवर्षे मोजमाप ठेवले होते. ते लोकांपुढे आले, वादविवाद झाला, आणि 1958 साली नागरिकांनी मतदान करून सांडपाणी सरोवरापासून वळविण्याचे ठरविले. पैसा त्यांच्याच खिशातून जावयाचा होता, हे विसरू नये! 1963 ते 1968 या काळात ते काम झाले आणि सरोवर निवळले.

नाले वळविणे आपल्या हातचे नाही. ते महानगरपालिकेचे काम, व ते मागण्याचा अधिकार आपला. पण निर्माल्याच्या पिशव्या पाण्यात कोण टाकतो? काठावर गाड्या कोण धुतो? विसर्जनासाठी शेजारच्या इराणी खाणीत सोय झाली, तरी 'आमच्या घराण्याची रीत' म्हणून मूर्ती तळ्यातच नेण्याचा हट्ट धरणारे आपल्यातही आहेत. त्यांची नावे मी घेणार नाही. ते आज पहिल्या दोन रांगांतच बसले आहेत.

तबकडी, दोरी व कोरी वही व्यासपीठाशेजारी ठेवली आहे. मुलांनी ती हाताळून पाहावी. परवानगी मिळताच दर पंधरवड्यास मोजणी व्हावी आणि वही संस्थेच्या कार्यालयात सर्वांसाठी उघडी असावी. माझी एकच अट आहे. मोजणाऱ्या मुलांच्या तुकडीत निम्मी मुले आपल्या ज्ञातीबाहेरची असावीत. कार्यकारी मंडळाने यावर आजच्या बैठकीतच निर्णय द्यावा.