शिसे नसलेली शिसपेन्सिल



इंडिया गेटकडून कॅनॉट प्लेसकडे जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग दिल्लीतील मराठी माणसाला परका नाही. महाराष्ट्र सदनाची नवी वास्तू याच मार्गावर उभी आहे. तरीही जुने दिल्लीकर बोलता बोलता त्याला ‘कर्झन रोड’ म्हणून जातात. एकदा जिभेवर बसलेले नाव सहजासहजी उतरत नाही. मराठी शाळेच्या दप्तरातही असेच एक नाव पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले आहे. ते म्हणजे शिसपेन्सिल. ‘बाई, शिसे तुटले’ ही तक्रार ज्या वर्गाने ऐकली नाही, असा वर्ग विरळाच. वास्तविक त्या पेन्सिलीत शिसे नसतेच.

मग हे नाव आले कोठून? शिसे हा मऊ धातू कागदावर करडी रेघ उमटवतो, आणि प्राचीन रोममध्ये रेघा आखण्यासाठी तो वापरला जाई. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बोरोडेल येथे एक काळे, मऊ खनिज सापडले. त्याची रेघ शिशाच्या रेघेहून ठळक उमटे. तेव्हा हाही शिशाचाच एक प्रकार असावा, असा समज रूढ झाला. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1779 मध्ये ते खनिज म्हणजे कार्बनचे एक रूप असल्याचे दाखवून दिले. पुढे 1789 मध्ये वेर्नर याने ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्याला ‘ग्रॅफाइट’ हे नाव दिले. तोवर जुने नाव मात्र पक्के झाले होते. जर्मन भाषेत आजही पेन्सिलीला ‘शिशाची काडी’ अशा अर्थाचा शब्द आहे.

आजच्या पेन्सिलीची कांडी निव्वळ ग्रॅफाइटचीही नसते. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यातील युद्धामुळे फ्रान्सला इंग्लिश ग्रॅफाइट मिळेनासे झाले, तेव्हा निकोला-जाक काँते याने ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र मळून, तिच्या कांड्या करून भट्टीत भाजण्याची रीत काढली. तिचे पेटंट त्याला 1795 मध्ये मिळाले. पेन्सिली आजही मुख्यतः याच रीतीने होतात. भाजलेली कांडी मेणात बुडवली की ती कागदावर गुळगुळीत चालते. चिकणमाती अधिक असेल तर कांडी कठीण आणि रेघ फिकी, ग्रॅफाइट अधिक असेल तर कांडी मऊ आणि रेघ गडद. पेन्सिलीवरील ‘एच’ आणि ‘बी’ ही अक्षरे हेच प्रमाण सांगतात. त्यामुळे गडद उमटते ती पेन्सिल उंची आणि फिकी उमटते ती हलकी, हा समजही बरोबर नाही.

बालपणीचे इतर समजही आठवून पाहावेत. पेन्सिलीची सालपटे दुधात भिजवली की खोडरबर तयार होते, या आशेने कित्येकांनी घरातले दूध नासवले असेल. सालपटे लाकडाची, त्यांचे रबर होणे नाही. पेन्सिलीचे टोक तळहातात रुतले की विष भिनते, हीही अशीच एक धास्ती. ग्रॅफाइट विषारी नाही. जखम धुवावी आणि आत तुकडा राहिला असल्यास डॉक्टरांकडून काढून घ्यावा. त्या जागी करडा ठिपका मात्र वर्षानुवर्षे राहू शकतो. टोक जिभेला लावणाऱ्या मुलाला ‘शिसे पोटात जाईल’ असे बजावणाऱ्या आईचा धाक योग्य होता. सांगितलेले कारण तेवढे चुकीचे होते.

त्या आईची शिशाविषयीची भीती मुळात खोटी नव्हती. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते, हे निर्विवाद आहे. परंतु ते दप्तरात नव्हते, रस्त्यावर होते. त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत असत आणि ते गाड्यांच्या धुरातून हवेत येई. शिसेविरहित पेट्रोल दिल्लीसह चार महानगरांत 1995 मध्ये आले. शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून हद्दपार होण्यास 2000 साल उजाडले. म्हणजे पेन्सिल चोखू नकोस म्हणून रागावणारी आई ज्या मुलाचा हात धरून कस्तुरबा गांधी मार्ग ओलांडत होती, त्याच्या श्वासातून खरे शिसे आत जात होते. चुकीच्या नावाने भीती चुकीच्या जागी नेऊन ठेवली होती. आजही जुन्या भिंतींच्या उडालेल्या पापुद्र्यांत शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली. त्यापूर्वी रंगवलेल्या घरांत रांगत्या बाळाच्या हाताशी काय येते, याकडे पालकांनी अवश्य लक्ष द्यावे.

शाळेचा हा हीरक महोत्सव. हिरा आणि ग्रॅफाइट ही दोन्ही कार्बनचीच रूपे आहेत. हिऱ्यात प्रत्येक अणू चार अणूंशी घट्ट जखडलेला असतो, म्हणून तो कठीण. ग्रॅफाइटमध्ये अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून ते झिजते आणि झिजता झिजता अक्षर उमटवते. महोत्सवाला नाव हिऱ्याचे मिळाले असले, तरी साठ वर्षे शाळा चालली ती त्याच्या या झिजणाऱ्या भावंडावर. ‘शिसपेन्सिल’ हा शब्द भाषेत खुशाल राहो. मात्र उद्या घरातल्या मुलाने ‘यात खरेच शिसे असते का?’ असे विचारले, तर त्याला गप्प न करता पेन्सिलीची ही सारी कथा सांगावी.