मधुमेही पाय आणि पूरक गोळ्या

मधुमेह ही साखरेची व्याधि म्हणून सर्वांस परिचित आहे. परंतु तिचा घाला पुष्कळदां पायांवर पडतो. शुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींत मेदाचे थर सांचतात व त्या अरुंद होतात. बसल्या जागीं पोटऱ्यांना पुरणारें रक्त चालतांना अपुरें पडतें. पोटऱ्या आंवळून येतात आणि कांहीं मिनिटें थांबतांच दुखणें ओसरतें. मज्जातंतु बधिर झाले असतील तर हें दुखणेंहि जाणवत नाहीं, आणि न भरणारी जखम हीच रोगाची पहिली वर्दी ठरते.

अशा वेळीं औषधांच्या दुकानांतील बाटल्यांकडे मन ओढ घेतें. त्यांमागील तर्क वरवर पाहतां बिनतोड असतो. आर्जिनीनपासून शरीरांत नायट्रिक ऑक्साइड तयार होतो व तो रोहिण्यांना सैल करतो. मग आर्जिनीन अधिक घेतल्यास रक्त अधिक वाहील, असें कोणासहि वाटेल. या तर्काची परीक्षा अमेरिकेंत झाली व तिचा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. पोटऱ्या दुखणाऱ्या १३३ रोग्यांपैकीं कांहींना रोज ३ ग्रॅम आर्जिनीन, तर इतरांना औषध नसलेली नक्कल, असें सहा महिने देण्यांत आलें. चालण्याची मजल दोन्ही गटांची वाढली. पण नक्कल घेणाऱ्यांची अधिक वाढली! जिंको वनस्पतीच्या अर्कानेंहि रोग्याला जाणवेल इतकी मजल वाढल्याचें सिद्ध झालेलें नाहीं.

ब-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत व शाकाहारी माणसांत त्याची उणीव पडूं शकते व पायांना मुंग्या येतात. रक्त तपासून ती भरून काढणें योग्यच. मात्र तो मज्जातंतूंचा उपचार आहे. अरुंद रोहिणी त्यानें रुंदावत नाहीं.

मग मजल वाढते कशानें? चालण्यानेंच. दुखणें चांगलें जाणवेपर्यंत चालावें, थांबावें, तें शमलें कीं पुन्हां चालावें. असें विश्रांति वगळून अर्धा तास, आठवड्यांतून तीन वेळां, निदान तीन महिने. पायाला जखम असेल, अथवा बसल्या जागींहि पाय दुखत असेल, तर मात्र हा व्यायाम न करतां तांतडीनें डॉक्टरांकडे जावें. तंबाखू सर्वस्वीं सोडावी. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांवरील औषधें चुकवूं नयेत. दररोज रात्रीं तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडांत पाहाव्या. दृष्टि अधू असेल तर घरांतील दुसऱ्यानें पाहाव्या.

घोटा व दंड येथील रक्तदाबांची तुलना करणारी तपासणी सोपी आहे. हें प्रमाण ०.९० पर्यंत किंवा त्याहून कमी असल्यास रोहिणी अरुंद झाल्याचें समजतें. मधुमेहांत रोहिण्या कठीण झाल्यानें हा आंकडा कधीं फसवा निघतो. तेव्हां अंगठ्यांतील दाब मोजतात.

बाटलीवर खर्चलेले पैसे पुन्हां मिळवितां येतात. तिच्या भरंवशावर दवडलेले महिने परत येत नाहींत, आणि काळवंडलेलें बोट तर नाहींच नाहीं.