निराश्रितांचा खर्च आणि उघडा हिशेब

२०११ साली फेब्रुवारीच्या २८ तारखेला रात्री जनगणनेचे प्रगणक रेल्वेस्थानकांच्या फलाटांवर, पुलांखाली, देवळांच्या ओवऱ्यांत आणि पदपथांवर हिंडत होते. घरोघर जाऊन माणसे मोजण्याचे काम झाले होते. ज्यांना घरच नाही अशांची मोजणी त्या एका रात्रीत करावयाची होती. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर आढळली. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांतील होती. २००१ च्या गणनेशी हे आकडे ताडून पाहिले, तर एकूण संख्या घटलेली दिसते. शहरांतील संख्या मात्र वाढलेली दिसते.

माणसांची मोजदाद अशी झाली. पण या माणसांच्या नावाने सरकारी तिजोरीतून जो पैसा निघतो, त्याची मोजदाद करणे इतके सोपे नाही. त्यातही जो बेघर मानसिक आजाराने ग्रासलेला आहे, त्याच्यासाठी झालेला खर्च शोधू जाणारा नागरिक लवकरच वाट चुकतो.

याचे कारण लबाडीत शोधण्यापूर्वी हिशेब मांडण्याच्या पद्धतीत शोधावे लागते. शहरातील एखाद्या पदपथावर राहणारा, मनाचा तोल गेलेला माणूस डोळ्यांपुढे आणावा. रात्री त्याला निवारागृहात जागा दिली, तर तो खर्च बहुधा नगरविकासाच्या, म्हणजे २२१७ या मुख्य लेखाशीर्षाखाली पडतो. सरकारी रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले, तर ते २२१० या वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याच्या शीर्षाखाली जातात. पोलिसांनी त्याला रुग्णालयापर्यंत पोचविले, तर तो भार २०५५ वर. आणि पुढे निराधार म्हणून त्याला आश्रय मिळाला, तर सामाजिक सुरक्षा व कल्याण, अर्थात २२३५. माणूस एकच, त्याची विपत्तीही एकच. वह्या मात्र चार. प्रत्येक वही आपापल्या जागी बिनचूक असू शकते. तरीही त्या माणसासाठी एकंदर किती खर्च झाला आणि त्याला त्याचा काय गुण आला, हे चारांपैकी एकही वही सांगत नाही.

कायद्याने दिलेले आश्वासन येथे आठवले पाहिजे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमान्वये, निराधार किंवा बेघर असलेल्या मनोरुग्णास सरकारी अथवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थेत विनामूल्य उपचार मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका दाखविण्याची अटही नाही. रस्त्यावर भटकणाऱ्या अशा व्यक्तीस संरक्षणाखाली घेण्याचे कर्तव्य त्याच कायद्याने पोलीस ठाण्याच्या प्रमुखावर सोपविले आहे. पण हक्क आणि उपचार यांच्यामधील अंतर मोठे आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या पाहणीत, निरनिराळ्या मानसिक विकारांच्या बाबतीत शेकडा सत्तर ते ब्याण्णव रुग्ण उपचारांवाचून असल्याचे दिसून आले. शिवाय ही टक्केवारी घरोघर जाऊन काढलेली होती. ज्याला घर नाही, तो तिच्यात आलाच नाही.

सार्वजनिक खर्चावर नजर ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग कोणता, हे राजस्थानातील मजुरांनी १९९४ नंतरच्या जनसुनावण्यांतून दाखवून दिले. मजदूर किसान शक्ती संघटनेने गावातील कामांचे हजेरीपट आणि पावत्या गावकऱ्यांसमोरच मोठ्याने वाचल्या. जो कधी कामावर आलाच नाही त्याचे नाव हजेरीपटात निघाले, की लोक तेथेच उठून ते सांगत. त्या चळवळीतून माहितीच्या हक्काची मागणी देशभर पसरली. महाराष्ट्राने २००२ मध्ये आपला कायदा केला आणि २००५ मध्ये संपूर्ण देशासाठी माहितीचा अधिकार अधिनियम आला.

तथापि या पद्धतीचे बळ एका गोष्टीत होते. ज्याच्यासाठी पैसा खर्ची पडला, तो स्वतः उभा राहून हिशेब तपासू शकत होता. रस्ता झाला नाही, तर त्यावरून चालणारा बोलतो. शाळेचे छप्पर गळाले, तर मुलाचा बाप बोलतो. बेघर मनोरुग्णाचे तसे नाही. त्याला पत्ता नाही, बहुधा मतदारयादीत नाव नाही, त्याची ग्रामसभा नाही. आणि आजाराच्या भरात आपल्याला काय मिळावयास हवे होते, हेही त्याला सांगता येत नाही. म्हणून इतर खर्चाच्या बाबतीत जेवढा उघडेपणा पुरेसा होईल, त्याहून अधिक उघडेपणा या खर्चाच्या बाबतीत हवा. लाभार्थी बोलू शकत नाही, तेथे त्याच्या वतीने समाजाने विचारले पाहिजे. आणि विचारावयाचे तर समाजापुढे हिशेब असला पाहिजे.

शहरी बेघरांच्या निवाऱ्यांचा अनुभव हेच सांगतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातील निवारायोजनेने शहराच्या दर लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा निवारा आणि प्रत्येकास सुमारे ५० चौरस फूट जागा, असे प्रमाण ठरविले. तरीही नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. निवारे प्रत्यक्ष आहेत काय, ते नियमांप्रमाणे आहेत काय, आणि दिलेला निधी वापरला गेला की पडून राहिला की दुसरीकडे वळला, हे तिने तपासावयाचे होते. जे कोणाही नागरिकाला फलक वाचून कळावयास हवे, ते कळण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला समिती नेमावी लागावी, यातच सारे आले.

ही उणीव केवळ आपल्याकडची आहे, असेही नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया हे अत्यंत संपन्न राज्य. तेथील मतदारांनी २००४ मध्ये दहा लाख डॉलरांवरील उत्पन्नावर शेकडा एक जादा कर मानसिक आरोग्यासाठी मंजूर केला. बेघरांसाठीही तेथे पैशाला तोटा नव्हता. २०१८-१९ पासूनच्या पाच वर्षांत राज्याने सुमारे २४ अब्ज डॉलर त्यावर घातले. परंतु एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकाने अहवाल दिला, की या खर्चाचे फलित राज्याने सातत्याने नोंदलेले नाही. तपासलेल्या पाच योजनांपैकी तिघींबाबत तर मत देण्यापुरतीही माहिती हाती नव्हती. पैसा मुबलक असला म्हणजे हिशेब आपोआप स्वच्छ होतो, ही समजूत यावरून दूर व्हावी.

मग करावे काय? माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४ अन्वये, प्रत्येक कार्यालयाने आपला मंजूर निधी आणि त्याच्या वाटपाचा तपशील कोणी न मागता प्रसिद्ध करावयाचा आहे. नवा कायदा नको; आहे तोच शेवटच्या पायरीपर्यंत नेला पाहिजे. प्रत्येक निवारागृहाच्या दाराशी, त्या शहराच्या भाषेत एक फलक असावा. जागा किती, काल रात्री किती माणसे झोपली, वर्षाचे अनुदान किती, मिळाले किती, खर्च किती, चालविणारी संस्था कोणती आणि तक्रार कोणाकडे करावी, इतके त्यावर असले तरी पुरे. जिल्ह्याने दरमहा चारही लेखाशीर्षांखालील खर्च एका पानावर आणावा. आणि किती रुग्णांना रुग्णालयात आणले, किती बरे झाले, किती आपल्या घरी पोचले, हेही तेथेच सांगावे. घरी पोचणे ही काल्पनिक गोष्ट नाही. रस्त्यावरील मनोरुग्णांना उपचार देऊन त्यांच्या कुटुंबांत परत नेण्याच्या कार्याबद्दलच डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यात एक मर्यादा काटेकोरपणे पाळली पाहिजे. मनोरुग्णाला आपला आजार गुप्त ठेवला जाण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. त्याचे नाव किंवा छायाचित्र फलकावर येता कामा नये. उजेड पैशावर पडावा, रुग्णाच्या चेहऱ्यावर नव्हे. उलट, रुग्णाच्या गुप्ततेची सबब पुढे करून पैशाचा हिशेब झाकणेही तितकेच अनुचित.

उघड्या हिशेबाने टीका ओढवेल आणि अधिकारी खर्च करण्यास कचरतील, असा एक आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण न झालेला खर्चही लोकांपुढे आला, तर कचरणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागेल. विनियोजन लेख्यांत मंजूर होऊनही न वापरलेल्या रकमेला ‘बचत’ म्हणतात. लेख्याच्या दृष्टीने तो शब्द योग्य असेल. थंडीच्या रात्री उघड्यावर कुडकुडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो क्रूर आहे.

पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आहे. बेघरांचा नवा आकडा तीतून देशाला कळेल. त्या आकड्याशेजारी, त्या माणसांसाठी मंजूर झालेला, खर्च झालेला आणि पडून राहिलेला पैसाही कोणाही नागरिकाला वाचता यावा. ज्याला स्वतःचे दार नाही, त्याच्या नावाचा हिशेब तरी बंद दाराआड राहू नये.