पंप लावण्याआधी



घराचा एक कोपरा बसला, भिंतीला तिरपी भेग गेली, खणून पाहिलं तर पायाशी पाणी. घरमालक पहिली धाव घेतो ती पंपाकडे. इथेच चुकतं.

इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथेड्रलचंच पाहा ना. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा पूर्वेकडचा भाग वाढवला, तो बीचच्या ओंडक्यांवर. खाली कुजलेल्या झाडपाल्याचा लिबलिबीत थर, त्यात बारमाही पाणी. सातशे वर्षांत भिंती कलल्या. पायाखाली खड्डे घेतले, तर ते पाण्यानं भरले. अभियंता फ्रान्सिस फॉक्स यांनी ओळखलं, की पाणी उपसलं तर त्याबरोबर पायाखालची बारीक मातीही जाईल आणि भिंत आणखी खचेल.

तांदूळ धुताना पातेलं घाईनं कलतं केलं, की पाण्याबरोबर दाणे मोरीत जातात. एकदा चार, पुन्हा चार. शेवटी भात कमी पडतो. जाणती बाई काठाशी तळहात आडवा धरते. विंचेस्टरला असा हात धरला विल्यम वॉकर या पाणबुड्यानं. 1906 ते 1911, रोज सुमारे सहा तास, वीस फुटांपर्यंतच्या पाण्यात. गढूळपणामुळे हाताला हात दिसेना. सगळं काम चाचपून. खड्ड्याच्या तळाशी काँक्रीटची पोती रचायची, फाडायची, वर दुसरा थर. अशी 25,800 पोती! तळ घट्ट झाल्यावरच पाणी उपसलं आणि गवंडी कोरड्यात उतरले.

पुन्हा सांगायला हवं, कारण ऐकणारे नेमके पंपाचंच लक्षात ठेवतात: आधी तळ बंद, मग उपसा.

वॉकरचा पुतळाही तिथे बसवला, 1964 मध्ये. गंमत अशी, की चेहरा चुकून फॉक्स यांचा! ती चूक निस्तरायला 2001 उजाडलं.

आता आपल्याकडची काळी माती. तिचं दुखणं निराळं. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया वर-खाली होतो. तिच्यासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तळाशी फुगीर असलेले खांब रूढ केले. ते साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, म्हणजे ऋतू बदलला तरी ओल फारशी न बदलणाऱ्या थरात. तो फुगवटा जमिनीच्या पोटात कसा कोरतात, हे सांगायचं होतं, पण समोर वेळ संपल्याचा लाल दिवा लागलाय. नमस्कार.