मधुमेह आणि आपले डोळे

(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी भाषा शिकवणारा शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. तरीही आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे. प्रगतिपुस्तकावर सही करायला येणारे कितीतरी पालक बोलता बोलता "सर, मला शुगर आहे" असे सांगतात. डोळे दाखवले का, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : "डोळ्यांना काही झालेले नाही. मला सगळे स्वच्छ दिसते." स्वच्छ दिसते म्हणजे डोळा निरोगी आहे, हा जो समज आपल्या मनात पक्का बसला आहे, त्याविषयी मला बोलायचे आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण आहेत. तेव्हा हा विषय कोणा परक्याच्या घरचा नाही.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. पुस्तकात त्याला दृष्टिपटल म्हणतात. समोरच्या वस्तूची प्रतिमा त्यावर उमटते आणि तिची खबर तेथून मेंदूला जाते. पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा एक लहानसा भाग आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे त्याच्या जिवावर चालतात.

या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या किती बारीक असाव्यात? एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतले पाच ते दहा भाग एवढीच त्यांची रुंदी. रक्तातल्या तांबड्या पेशींना त्यांतून एकामागून एक, रांगेनेच जावे लागते. या नळीच्या भिंतीला बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी धरून असतात. शरीरात इतरत्र त्या विरळ असतात, पण डोळ्याच्या पडद्यात भिंतीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीमागे अशी एक राखणदार पेशी असते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की हे राखणदार हळूहळू मरू लागतात. मग जुन्या सायकलच्या ट्यूबला फुगा येतो, तसे केशवाहिनीला बारीक बारीक फुगे येतात.

पुढे दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे गळती. कमकुवत भिंतीतून पाणी आणि चरबी पाझरते. ती पीतबिंदूपाशी साचली की तेथे सूज येते, अक्षरे पुसट होतात, सरळ ओळ वाकडी दिसू लागते. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. काही केशवाहिन्या बंदच पडतात आणि पडद्याचा तेवढा भाग, पाटाचे पाणी न पोचलेल्या वाफ्यासारखा, उपाशी राहतो. हा उपाशी भाग रक्तासाठी हाका मारणारे एखादे द्रव्य सोडत असावा, असा तर्क मायकेलसन नावाच्या नेत्रतज्ज्ञाने 1948 साली मांडला होता. पुढे तो खरा ठरला आणि ते द्रव्यही सापडले. त्या हाकेला ओ देऊन नव्या रक्तवाहिन्या उगवतात खऱ्या, पण त्या अगदी ठिसूळ असतात. डोळ्यातल्या पारदर्शक, जेलीसारख्या गरात त्या शिरतात आणि एके दिवशी फुटतात. कधी त्यांच्याभोवती दोरखंडासारखे धागे तयार होऊन ते पडदाच ओढून सोडवतात. या सगळ्या विकाराला डॉक्टर कागदावर 'डायबेटिक रेटिनोपॅथी' असे लिहितात.

आता मुख्य मुद्दा. हे फुगे, ही गळती, हा उपास चालू असताना माणसाला काहीच कसे कळत नाही? कारण हा पडदा दुखत नाही. बिघाड बहुधा कडेकडेच्या भागात असतो आणि पीतबिंदू शाबूत असेतो वाचनात फरक पडत नाही. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. आमच्या ओळखीत शिवणकाम करणारे एक चाचा होते. मधुमेह बारा वर्षांचा. पण सुई स्वतः ओवत, काजेसुद्धा हाताने करीत. एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगू लागले आणि दुपारपर्यंत जणू पडदा पडला. आत रक्तस्राव झाला होता. तपासणीत डावा डोळाही त्याच वाटेवर निघाला. आदल्या दिवशीपर्यंत त्यांना 'सगळे स्वच्छ' दिसत होते. डावा डोळा वेळेवर उपचार मिळाल्यामुळे राहिला, पण पाच माणसांच्या त्या घरात धाकट्या मुलाला दहावीनंतर दुकानात बसावे लागले.

उपचार आहेत. त्यांची सुरुवात मोठी विलक्षण आहे. 1945 सालचे सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे पडद्यावर भाजल्याचे डाग पडलेले रुग्ण मायर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरने पाहिले. प्रकाशाने पडदा भाजतो, तर तोच प्रकाश उपचारासाठी का वापरू नये, असा विचार त्याने केला. त्यातूनच पुढे आजचे लेसर उपचार आले. उपाशी भागावर लेसरचे ठिपके दिले की त्याची रक्ताची मागणी कमी होते आणि नव्या ठिसूळ वाहिन्या सुकतात. पुढच्या पायरीला पोचलेल्या डोळ्यांत लेसरमुळे दृष्टी जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे 1976 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले. अलीकडे त्या हाका मारणाऱ्या द्रव्याला अडवणारी इंजेक्शने डोळ्यात देतात. पीतबिंदूच्या सुजेवर ती विशेष उपयोगी पडतात. मात्र लेसर गेलेली नजर परत आणत नाही, आहे ती राखते. "लेसर केला आणि नजर गेली" असे जे आपल्याकडे ऐकू येते, त्यात बहुतेक वेळा लेसरला उशीर झालेला असतो.

तसाच दुसरा समज इन्सुलिनचा. इन्सुलिन सुरू केले की डोळे जातात, असे बायाबापड्या सांगतात. पुष्कळांना इन्सुलिन लागते ते दुखणे जुने झाल्यावर आणि त्याच सुमारास डोळ्यांतला बिघाडही उघडकीस येतो. दोष मात्र बिचाऱ्या सुईला लागतो! 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लहान वयात मधुमेह झालेल्या ज्या रुग्णांची साखर इन्सुलिन देऊन काटेकोर ठेवली, त्यांच्यात हा नेत्रविकार नव्याने उद्भवण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी आढळला. मोठ्या वयातल्या मधुमेहात रक्तदाबही तितकाच सांभाळावा लागतो. 1998 सालच्या ब्रिटनमधल्या अभ्यासात, रक्तदाब कडक आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये डोळ्यांचा विकार वाढण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटले. तंबाखू आणि सिगारेटविषयी मी वेगळे बोलत नाही. ऐकणाऱ्यांना माहीत आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. शिरेत चमकणारा रंग टोचून डोळ्यातल्या केशवाहिन्यांचे फोटो काढण्याची पद्धत 1961 साली जगापुढे मांडली ती अमेरिकेतल्या नोव्होटनी आणि आल्विस या दोघांनी. दोघेही तेव्हा वैद्यकीचे विद्यार्थीच होते. गळती कुठे आहे आणि कुठली नळी बंद पडली आहे, हे त्या फोटोंत स्पष्ट दिसते.

पालकहो, चष्म्याच्या दुकानात अक्षरांचा तक्ता वाचून घेतात ती ही तपासणी नव्हे. तेथे नंबर कळतो, पडदा दिसत नाही. आणि साखर फार वाढली असताना नंबरही फिरतो, कारण डोळ्यातले भिंग फुगते. म्हणून साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करून पैसे घालवू नयेत. मोठ्या वयात मधुमेह झाला असेल, तर तो कळल्याबरोबर नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्यावा, कारण तो शरीरात आधी किती वर्षे मुक्कामाला होता हे कोणालाच ठाऊक नसते. लहानपणीच मधुमेह झालेल्यांनी पाच वर्षांच्या आत तपासणी करावी. त्यानंतर साधारणपणे वर्षातून एकदा, आणि डॉक्टरांनी लवकर बोलावले तर त्या वेळी. मधुमेह असलेल्या बहिणीला दिवस गेले असतील, तर सुरुवातीच्या महिन्यांतच डोळे दाखवावेत.

मुलांनो, आपल्या घरातल्या शुगरच्या फाइलमध्ये डोळ्यांच्या तपासणीची तारीख आहे का, ते आज बघा. रक्त-लघवीचे कागद भरपूर सापडतील, डोळ्यांचा बहुधा नसेल. अब्बांना किंवा अम्मीला दवाखान्यात नेताना तुम्ही बरोबर जा. तेथे बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतात, त्यामुळे काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचे धूसर दिसते. येताना त्यांना स्कूटर चालवू देऊ नका, रिक्षाने घरी आणा.