गल्लींतला डीकन

दारीं आलेल्याला रित्या हातानें परत पाठवूं नये, ही आपल्या घराघरांतली शिकवण आहे. मूठभर पीठ झोळींत पडलें, कीं देणारा घरांत वळतो आणि घेणारा पुढच्या दाराशीं जातो. तो कोठून आला, रात्रीं कोठें निजतो, त्याच्या मागें कोण आहे, हें विचारण्याचा प्रघात नाहीं. किंबहुना अशी चौकशी केल्यास दानाचें पुण्य उणें होतें, अशीच समजूत आहे. दोनशें वर्षांपूर्वीं स्कॉटलंडमधील एका ख्रिस्ती मंडळीनें याच्या अगदीं उलट वाट धरली होती. आधीं विचारपूस, मग शेजाऱ्यांचें साहाय्य, आणि अगदींच वेळ पडली तर पैसा, असा तिचा क्रम होता. त्या प्रयोगाची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

प्रयोगाचे कर्ते डॉ. टॉमस चामर्स यांचा जन्म १७८० सालीं फाइफ परगण्यांतील एका समुद्रकांठच्या गांवीं झाला. १८०३ सालीं ते किल्मनी नांवाच्या खेड्याचे पाळक झाले. खेडें तें, कोणाच्या घरीं काय आहे आणि काय नाहीं, हें सर्वांना ठाऊक. एखादी विधवा आजारी पडली तर तिची कोंबडीं कोणीं कोंडावयाचीं, हेंहि न सांगतां ठरत असे. १८१५ मध्यें त्यांना ग्लासगो शहरांतील ट्रॉन देवळाचें बोलावणें आलें. तेथें त्यांच्या वक्तृत्वानें मोठी कीर्ति मिळविली. खगोलशास्त्र आणि धर्म यांवरील त्यांचीं व्याख्यानें ऐकण्यासाठीं व्यापारी लोक भर कामाच्या वेळीं पेढ्या सोडून येत, आणि १८१७ सालीं तीं पुस्तकरूपानें निघालीं तेव्हां त्यांवर वाचकांच्या उड्या पडल्या. परंतु ह्या कीर्तीत त्यांचें मन रमलें नाहीं. ते आपल्या हद्दींतील घरें एकामागून एक पाहूं लागले, आणि एकाच जिन्यावर राहणारीं कुटुंबें एकमेकांना ओळखत नाहींत, हें पाहून अस्वस्थ झाले.

त्या वेळीं ग्लासगोंत गरिबांच्या मदतीची व्यवस्था नव्हती असें नाहीं. प्रत्येक देवळांत थाळींत पडणारा पैसा एका सामाईक तिजोरींत जाई व तेथून गरजूंना थोडेंथोडें वाटलें जाई. तेवढ्यानें न भागणाऱ्यांसाठीं शहरानें कर बसवून चालविलेलें अनाथगृह होतें. नांव मात्र त्याचें टाउन हॉस्पिटल. चामर्स यांचा आक्षेप असा, कीं वाटणाऱ्यानें घेणाऱ्याचें तोंड पाहिलेलें नसतें. कागदावर नांव चढलें कीं मदत सुरू, आणि ती सुरू झाली कीं भाऊ, मुलगा, शेजारी हे सारे हात काढून घेतात. शहर पाहून घेईल, असें म्हणतात. पैसा येतो आणि माणसें जातात. हा आक्षेप सर्वस्वीं खरा नव्हता, पण अगदींच खोटाहि नव्हता.

१८१९ सालीं नगरसभेनें शहराच्या पूर्व भागांत सेंट जॉन्स नांवाची नवी पॅरिश, म्हणजे एका देवळाच्या देखरेखीखालील वस्ती, निर्माण केली व ती चामर्स यांच्या हातीं दिली. वस्ती सुमारें १०,००० माणसांची. बहुतेक विणकर, गिरणीकामगार व मजूर. चामर्स यांनीं एक अट घातली. ह्या देवळाच्या थाळींतील पैसा ह्याच देवळापाशीं राहावा; त्याच्या मोबदल्यांत येथील एकाहि नव्या गरिबाला कराच्या पैशावर पाठविण्यांत येणार नाहीं. सभेनें अट मान्य केली. सौदा मोठ्या धाडसाचा होता.

वस्तीचे २५ भाग पाडण्यांत आले. एकेका भागांत ६० ते १०० घरें. प्रत्येक भागाला एक वडील व एक डीकन. वडिलांनीं प्रार्थना, आजाऱ्यांची भेट, धर्मोपदेश हीं कामें पाहावयाचीं. पैशाचा व्यवहार डीकनानें पाहावयाचा. ही वांटणी मोठ्या शहाणपणाची होती. उपदेश करणाऱ्याच्याच हातीं थैली असली, कीं ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर भक्ति लवकर उमटते, हें चामर्स ओळखून होते. डीकनाला पगार नव्हता. कोणी व्यापारी, कोणी कारकून, कोणी कारागीर. दिवसाचा आपला धंदा सांभाळावयाचा आणि उरल्या वेळांत नेमून दिलेल्या गल्लींत जावयाचें. गल्लीबाहेरच्याची चिंता त्यानें करावयाची नाहीं; मात्र गल्लींतील प्रत्येक दार त्याला माहीत असलें पाहिजे.

कोणी मदत मागितली, कीं डीकन त्याच्या घरीं जाई. माणसाला काम होण्यासारखें आहे काय, आणि असल्यास तें मिळवून देतां येईल काय, हें तो आधीं पाही. मग नातलगांकडे जाई. नंतर शेजारीपाजारी. ह्या साऱ्या वाटा खुंटल्या, तरच मंडळीच्या निधीला हात घालावयाचा. चामर्स यांच्या मतें गरिबाचे खरे झरे चार: स्वतःचे कष्ट, आप्तांचा जिव्हाळा, श्रीमंतांची सहानुभूति आणि गरिबांची गरिबांविषयींची कणव. ह्यांतला चौथा झरा त्यांना सर्वांत मोठा वाटे. एकाच्या हातून पुष्कळ येत नाहीं, पण देणारे हात पुष्कळ असतात. आणि शेजारणीनें आणून दिलेल्या वाटीभर पेजेची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं.

एक उदाहरण ह्या पद्धतीचें मर्म दाखवितें. एका कुटुंबांतील आईबाप पाठोपाठ वारले. मागें सहा मुलें राहिलीं. थोरलीं तिघें मिळवतीं, धाकटीं तिघें लहान. थोरल्यांनीं विनंती केली, कीं धाकट्यांना टाउन हॉस्पिटलांत घालावें. रीतसर अर्ज होता. जुन्या व्यवस्थेंत तो मंजूर होऊन तीन मुलें त्या मोठ्या घरांत नाहींशीं झालीं असतीं. येथें मात्र मंडळीचीं माणसें त्या भावंडांपाशीं जाऊन बसलीं. घर मोडूं नका, असें त्यांनीं परोपरीनें विनविलें. एकत्र राहाल तर दर तिमाहीस थोडी रक्कम देऊं, असेंहि सांगितलें. भावंडांनीं तें मानलें, आणि सहाही जणें एका छपराखालीं राहिलीं. खर्च झाला तो अगदीं किरकोळ. पण त्या किरकोळ रकमेच्या मागें कोणी तरी त्यांच्या घरीं येऊन बसला होता, हें विसरतां कामा नये.

पैशाची व्यवस्थाहि पाहण्यासारखी होती. सकाळच्या उपासनेला शहराच्या इतर भागांतून सुखवस्तु लोक चामर्स यांचें प्रवचन ऐकावयास येत. त्या थाळीतून आधींपासून मदत घेणाऱ्यांचा भार वाहिला जाई. संध्याकाळची उपासना खास वस्तींतील लोकांसाठीं असे. तिच्या थाळींत पडत तीं विणकरांचीं व मजुरांचीं नाणीं, आणि नव्यानें येणाऱ्या गरजूंना ह्याच नाण्यांतून द्यावयाचें. तरीहि शिल्लक उरली! ती शाळांकडे वळविण्यांत आली. शाळांची फी अल्प होती, पण ती घेतली जाई. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाहीं, हें चामर्स यांचें मत. ज्यांनीं फी न आल्यामुळें पटावरून नांव कमी झालेलीं मुलें शाळेच्या दाराशीं घुटमळतांना पाहिलीं आहेत, त्यांना हें मत तितकेंसें पटणार नाहीं. याच चळवळींत रविवारच्या शाळेंत शिकवितां शिकवितां डेव्हिड स्टो ह्या तरुण व्यापाऱ्याला शिक्षणाचा नाद लागला. पुढें १८३७ सालीं ग्लासगोंत शिक्षक तयार करण्याची मोठी संस्था उभी राहिली, ती त्याच्याच खटपटीनें.

चामर्स यांचे साहाय्यक म्हणून १८१९ पासून तीन वर्षें एडवर्ड अर्व्हिंग हे काम करीत होते. उंच, धिप्पाड, पुढें लंडनमध्यें गाजलेले. त्यांची एक गोष्ट त्यांच्या चरित्रांत आली आहे. त्यांना वारशानें थोडी रक्कम मिळाली. त्यांनीं तिच्या एकेका पौंडाच्या नोटा करून मेजाच्या खणांत ठेविल्या. रोज फिरतीला निघतांना एक नोट खिशांत टाकावयाची, आणि परत येईपर्यंत ती कोणाच्या तरी घरीं पोहोंचलेली असावयाची. शेवटची नोट संपली तेव्हां हा क्रमहि संपला. चामर्स यांच्या शास्त्रांत ही गोष्ट कोठें बसवावी, हा प्रश्नच आहे. पण त्या घरांतील माणसांनीं अर्व्हिंग यांना शास्त्र विचारलें नसेल.

हिशेबाच्या दृष्टीनें प्रयोग थक्क करणारा ठरला. पूर्वीं त्या वस्तींतील गरिबांवर दरसाल सुमारें १,४०० पौंड खर्च होत. तो आंकडा २८० पौंडांवर आला. हा आंकडा इंग्लंडपर्यंत गाजला, आणि कर भरणाऱ्यांना तो विशेष आवडला, यांत नवल नाहीं. मात्र ह्या आंकड्यापाशीं थोडें थांबणें अवश्य आहे. गरजू कमी झाले म्हणून खर्च घटला, कीं मागणारे कमी झाले म्हणून? ज्या गल्लींत प्रत्येकजण डीकनाला ओळखतो, त्या गल्लींत डीकनापुढें हात पसरणें कठीण होतें. मानी माणूस उपाशी राहील, पण आपल्या भावाकडे चौकशी होऊं देणार नाहीं. जो परिचय आधार देतो, तोच लाजहि आणतो. वांचलेले पौंड वहींत लिहिले गेले. अशा मुकाट राहिलेल्या घरांची मोजदाद कोणीं केली नाहीं.

शिवाय तीं वर्षें विणकरांच्या हलाखीचीं होतीं. मजुरी कोसळली होती, आणि १८२० च्या एप्रिलमध्यें ग्लासगोच्या परिसरांत बंडाळीपर्यंत मजल गेली. एका घरचा माग बंद पडला तर शेजारचें घर त्याला सांवरूं शकतें. सबंध आळीचे माग एकदम बंद पडले तर कोणीं कोणाकडे पाहावें? एडिंबरोचे वैद्य विल्यम पुल्टनी ॲलिसन यांनीं १८४० सालीं हाच मुद्दा निकरानें मांडला. तापाच्या साथींत गरिबांच्या घरोघर फिरलेला हा माणूस. उपासमार आणि दाटी यांतून साथी पसरतात, आणि त्यांवर कायद्यानें मिळणारी पुरेशी मदत हाच उपाय, असें त्यांचें म्हणणें होतें. चामर्स यांच्याशीं त्यांचा जाहीर वाद झाला. दोघेहि सज्जन, दोघांनींहि गल्ल्या पायांखालीं घातलेल्या. कायदा करण्याच्या बाबतींत अखेर ॲलिसन यांचा पक्ष पुष्कळ अंशीं वरचढ ठरला, आणि १८४५ मध्यें स्कॉटलंडचा नवा गरीब-कायदा झाला. सेंट जॉन्सचा प्रयोग त्यापूर्वींच, १८३७ सालीं, आटोपला होता. चामर्स १८२३ मध्येंच ग्लासगो सोडून सेंट अँड्रूज येथें प्राध्यापक झाले होते. मागें राहिलेल्या मंडळीनें तो चौदा वर्षें नेटानें चालविला, पण स्वतःचे गरीब पोसून वर शहराचा करहि भरावयाचा, हें दुहेरी ओझें कोण किती दिवस वाहणार?

सेंट अँड्रूज येथील त्यांच्या विद्यार्थ्यांपैकीं अलेक्झांडर डफ कलकत्त्यास आले, हें पुष्कळांस माहीत आहे. दुसरे एक विद्यार्थी रॉबर्ट नेस्बिट १८२७ सालीं आपल्या मुंबई इलाख्यांत आले, कोंकणांत व मुंबईंत राहिले आणि मराठी भाषेवरील प्रभुत्वाविषयीं नांवाजले गेले.

चामर्स यांनीं मात्र आपली गल्ली सोडली नाहीं. १८४३ सालीं स्कॉटलंडचें चर्च दुभंगलें, त्या वेळीं सरकारी आश्रय सोडून निघालेल्या पाळकांचे ते पुढारी होते. वय साठींच्या पुढें. अशा गडबडींतहि १८४४ मध्यें एडिंबरोच्या वेस्ट पोर्ट ह्या कुप्रसिद्ध वस्तींत त्यांनीं पुन्हां तेच काम मांडलें. भाग पाडले, स्वयंसेवक नेमले, कातडीं कमावण्याच्या जुन्या जागेच्या माळ्यावर शाळा व उपासना सुरू केली.

आणि मग बटाट्याचें पीक बुडालें. १८४६ च्या त्या रोगानें आयर्लंड आणि स्कॉटलंडचा डोंगराळ मुलूख उपाशी पडला. कायद्याच्या मदतीला जन्मभर विरोध केलेल्या ह्या वृद्धानें ‘नॉर्थ ब्रिटिश रिव्ह्यू’च्या १८४७ च्या मे महिन्याच्या अंकांत दुष्काळावर लेख लिहिला. जेथें देवाणघेवाण करावयास शेजाऱ्यापाशींहि कांहीं उरलेलें नाहीं, तेथें सरकारनें सढळ हातानें खजिना उघडावा, कर बसवावा लागला तर बसवावा, आणि दारू गाळण्यांत जाणारें धान्य थांबवावें, असें त्यांनीं त्यांत मागितलें. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सकाळीं ते एडिंबरो येथील आपल्या घरीं बिछान्यांतच मरण पावलेले आढळले.