स्वमग्न मुलांसाठी आमदारांच्या दारी

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात अपंगत्वं होती. स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तिची नोंद झाली. पालकांनी आणि संघटनांनी लावून धरलं, म्हणून हे घडलं.

पण कायद्यातला हक्क तालुक्याच्या गावी पोचायचा आहे. मुलाच्या वाचा-उपचारासाठी आई एसटीनं शहर गाठते, दिवसाची मजुरी बुडते. आणि उपचार तर दर आठवड्याला, नेमानं हवेत! हे आमदारांना सांगायलाच हवं. ‘सोयी वाढवा’ एवढ्यावर मात्र थांबू नका. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा-उपचारतज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ यांची पदं भरलेली आहेत का, ते आधी विचारून घ्या. माहिती अधिकारात लेखी उत्तर मागता येतं. पद रिकामं असेल, तर तेवढाच मुद्दा निवेदनात मांडा आणि अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारण्याची विनंती करा. तो पुकारला गेला, की मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, उपप्रश्नही येतात.

एकट्यानं जाऊ नका, चार पालक मिळून जा. आणि निवेदनाची पोच न विसरता घ्या.